आधी हात, मग पाय

माणूस पोटापाण्यासाठी काय करतो हे मला विचारावं लागत नाही. त्याच्या हातात काठी द्यायची, समोर चेंडू ठेवायचा आणि म्हणायचं, "मारा." चेंडू कुठे जातो तिकडे मी बघतच नाही. मी बघते ती काठी मागे कशी जाते ते. तेवढ्यात कळतं की हा दिवसभर खुर्चीत बसतो, की गाडी हाकतो, की दुसऱ्यांवर ओरडतो. ओरडणारे तर लांबूनच ओळखू येतात. त्यांचा जबडा आधी मागे जातो, काठी नंतर.

मी गोल्फ शिकवते. चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरांची रांग चुकवत थोडं आत वळलं की कंपन्यांच्या शेडच्या पाठीमागे उंच हिरवी जाळी दिसते. येणारेजाणारे तिला नर्सरी समजतात. एकदा एक बाई दुचाकी थांबवून माझ्याकडे मोगऱ्याचं रोप मागायला आल्या होत्या. तर ती आमची रेंज. गोल्फचं पूर्ण मैदान नव्हे, नुसती सरावाची जागा. रबरी मॅटवर उभं राहायचं, बादलीभर चेंडू घ्यायचे आणि एकेक समोरच्या मोकळ्या गवतात मारत सुटायचं. माझे वडील पुण्यातल्या एका गोल्फच्या मैदानावर माळी होते. तिथे मी मोडक्या काठ्यांनी खेळायला शिकले आणि पुढे शिकवायला लागले. मधलं सगळं लिहायला बसले तर संपादक मला शोधत येतील, म्हणून ते राहू दे. माझ्या जावेला इतक्या वर्षांनंतरही वाटतं की मी तिथे रिसेप्शनवर बसते. मीही आता समजावायचं सोडून दिलंय.

ज्यांनी हा खेळ कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो. आमच्याकडे तो जमिनीवर गप्प पडलेला असतो. पळत नाही, वळत नाही, कुणी टाकत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हात्तिच्या, यात काय शिकायचंय! मग तो स्वतः मारायला जातो, काठी नुसती हवा कापून येते आणि चेंडू तिथल्या तिथे. कारण चेंडू पुढे मारायचा असला तरी सगळा खेळ बिघडतो तो मागे. काठी चेंडूपासून मागे आणि वर खांद्यापर्यंत न्यायची, याला बॅकस्विंग म्हणतात. एवढ्याशा वेळात खांदे वळायला हवेत, डोकं जागच्या जागी राहायला हवं आणि अंगाचा भार आधी उजव्या पायावर, मग डाव्यावर यायला हवा. मागे जाताना एकदा चुकलात की पुढे येताना ब्रह्मदेव आला तरी सावरता येत नाही. माझी सगळी नोकरी या मागे जाण्यावर चाललेली आहे.

आणि आमच्या पट्ट्यातल्या माणसांच्या मागे जाण्याच्या तऱ्हा काय सांगू!

हिंजवडीहून एक आयटीतला मुलगा यायचा. येताना मोबाइलमध्ये स्वतःचाच व्हिडिओ घेऊन, त्यावर लाल-पिवळ्या रेघा मारून. "मॅडम, माझा एल्बो बघा ना, इथे अँगल चुकतोय." मी म्हटलं, "बाळा, एल्बोचं मरू दे, तुझे खांदे कुठायत?" खरंच नव्हते. कानांना जाऊन चिकटले होते. मी त्याचा मोबाइल काढून रिकाम्या बादलीत टाकला, काठी त्याच्या खांद्यांवर आडवी ठेवली आणि म्हटलं, "आता मागे भंडाऱ्याचा डोंगर दिसेपर्यंत वळ." तो वळला, पाठीत काहीतरी कटकन वाजलं आणि तो "आई गं" म्हणून तसाच थांबला. मग डोंगराकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, हा डोंगर कायम इथेच असतो?"

दुसरे नवनाथराव. इथल्याच गावचे, आता स्वतःचं गोडाऊन आहे, गळ्यात जाड साखळी. त्यांची काठी मागे निघाली की तिच्याबरोबर डोकंही मागे वळायचं, पार उजव्या खांद्यावरून पाठीमागे बघायचे. चेंडूवर नजरच नाही, तर लागणार कसा? मी दोन आठवडे त्यांच्यावर ओरडत होते. शेवटी विचारलं, "नवनाथराव, आधी काय करत होता तुम्ही?" "फोर्कलिफ्ट चालवायचो, ताई. जवानी त्याच्यावरच गेली." तिथे मला उलगडलं. फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना मागे बघितलं नाही तर माणूस चिरडला जातो. वीस-बावीस वर्षांच्या वयात मानेला जे शिकवलं ते मान अजून करत होती. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी आहे मागे. कुणी येत नाही. बिनधास्त जा." त्यांनी मान जागेवर ठेवली आणि चेंडू असा गेला की नवनाथराव स्वतःच म्हणाले, "आयला! आमी मारला व्हय ह्यो?" पुढे कितीतरी दिवस ते फटका मारण्याआधी विचारायचे, "ताई, मागं हाय ना?"

असे शोध लागत गेले तशी मी जरा शेफारलेच. आपल्याला माणसाचं अंग वाचता येतं, असं लोकांना सांगायला लागले. त्याच सुमाराला विलास सोनकांबळे आले. त्यांच्याबद्दल लिहू का, असं मी परवा त्यांना विचारलं. म्हणाले, "लिवा ताई, आता काय."

खरं तर आली होती त्यांची मुलगी, प्रज्ञा. चाकणच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी आहे. कोरियन इतकं फाडफाड बोलते की साहेब लोक तिच्याशी बोलताना आपसूक कमरेत वाकतात. तिचे साहेब गोल्फवेडे. त्यांच्याबरोबर मैदानावर फिरून भाषांतर करता करता तिलाच खेळायची गोडी लागली. विलासराव तिला स्कूटरवर सोडायला यायचे आणि जाळीबाहेर उभे राहून बघायचे. एके दिवशी मीच म्हटलं, "या आत, बाहेर उभं राहून डास चावून घेण्यापेक्षा दोन मारून बघा." तेव्हा लाजले. नंतर रोज यायला लागले. तेवढ्यात प्रज्ञाच्या कंपनीने घरच्या माणसांसाठी गोल्फचा दिवस ठरवला. ज्याने त्याने घरचं एक माणूस आणायचं आणि जोडीने खेळायचं. प्रज्ञाने कुणालाही न विचारता वडिलांचं नाव देऊन टाकलं.

विलासराव नांदेडकडचे. तरुणपणी कामासाठी इकडे आले ते इकडचेच झाले. कामावरून येतानाही इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आले की आधी "जय भीम, ताई," मग चपला एका रेषेत काढून बूट घालायचे. बोलणं सावकाश, चालणं सावकाश. काठी मात्र हातात घेतली की अशी झटक्यात मागे जायची, जसा तापलेल्या तव्यावरून हात ओढावा. आणि काठी वर पोचली की उजवा पाय मॅटवर आपटायचा. धप्प! ज्या क्षणी अंगाचा भार डाव्या पायाकडे निघायला हवा, नेमका त्याच क्षणी हा माणूस उजवा पाय जमिनीत गाडत होता. चेंडूच्या टाळूला काठी घासायची आणि चेंडू सरपटत मॅटवरून खाली उतरायचा.

"विलासराव, काठी सावकाश मागे न्या."

"सावकाशच न्यायलो की, ताई."

"हे सावकाश?"

"मला तं हळूच वाटायलंय."

मी नाना उपाय केले. एक ते चार मोजायला लावलं, तर चार म्हणायच्या आत पाय आपटलेला. काठीच्या मागे दुसरा चेंडू ठेवला आणि म्हटलं, हा हळूच ढकलत मागे न्या. तो चेंडू हिंजवडीच्या पोराच्या बॅगेवर जाऊन आदळला. मी चिडले की विलासराव माझीच समजूत घालायचे. "होईल ताई, होईल. नका तरास करून घेऊ." आणि माझं अंग वाचणं? तेही इथे आपटलं. हा माणूस काय काम करत असेल, मला काही केल्या सांगता येईना. शेवटी हार मानून विचारलं.

"प्रेसवर हाय," ते म्हणाले. "पत्र्याच्या पट्ट्या काढतो. पावर प्रेस."

मी पावर प्रेस कधी बघितलीच नव्हती. म्हटलं, मला बघायचंय. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून रेंजवर जत्रा. माझी सुट्टी सोमवारी. मी सोमवारी त्यांच्या वर्कशॉपवर गेले.

भोसरीच्या बाजूला एका गल्लीत पत्र्याची शेड, आत ओळीने मशिनं, आणि आवाज असा की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. प्रेस म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाणारं लोखंडी धूड. खाली एक साचा बसवलेला, त्याला डाय म्हणतात. वर दुसरा लटकलेला. मधल्या फटीत हाताने पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे आणि पायाने खालचं पायडल दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो आणि पट्टी तयार. पुन्हा पत्रा, पुन्हा हात बाहेर, पुन्हा पाय. मोठ्या कंपन्यांत आता दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय मशीन खाली येतच नाही. हात आत राहिला तर आपोआप थांबतं. अशा लहान वर्कशॉपांत मात्र अजून पायडल आहेत.

विलासराव माझ्याशी बोलत होते आणि त्यांचे हात काम करत होते. हात आत, हात बाहेर, पाय. हात आत, हात बाहेर, पाय. मी ओरडलेच, "अहो, हा तर तुमचा बॅकस्विंग!" तोच झटका, तोच पाय. रेंजवर जे मला इतकं वेडंवाकडं दिसत होतं ते इथे इतकं सुरेख दिसत होतं की बघत राहावं. एकही हालचाल वाया जात नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या मशीनवरच्या गृहस्थांनी मला चहा आणून दिला. कप त्यांनी अंगठा आणि करंगळी यांच्यात धरला होता. मधली तीन बोटं नव्हती. मी कप घेतला आणि त्या शेडमधल्या बाकीच्या हातांकडे बघायला लागले. नको होतं बघायला. मग विलासरावांच्या हातांकडे बघितलं. मी ते हात महिनाभर काठीवर नीट बसवत होते, बोटांना बोटं जुळवत होते. पण ती सगळी जागेवर आहेत ही बघण्याची गोष्ट आहे, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"कसं काय सांभाळलंत?" मी विचारलं.

"मी कुठं सांभाळलं," ते म्हणाले. "ज्यांनी मला शिकवलं त्या चाचांनी पहिले सहा महिने मला दुसरं काही शिकवलंच नाही. हात बाहेर आल्याबिगर पाय हलला की मनगटावर फुटपट्टी. आता पायाला कुणी सांगावं लागत न्हाई. मी सांगितलं तरी तो ऐकत न्हाई."

"म्हणजे?"

"दाखवतो."

जेवणाची सुट्टी झाली, मशिनं बंद झाली. विलासरावांनी मेन स्विच खाली पाडला, मशीनचं मोठं चाक फिरायचं थांबेस्तोवर वाट बघितली, वरच्या साच्याला लोखंडी टेकू लावला. आता ते मशीन म्हणजे नुसतं भंगार. लहान मूल खेळलं असतं तरी चाललं असतं. मग त्यांनी हात डायवर ठेवला आणि मला म्हणाले, "आता बघा हं, पायडल दाबतो." उजवा पाय उचलला. पायडलवर नेला. आणि तो तिथेच राहिला. वीतभर वर, हवेत. पोटरी थरथरायला लागली. कपाळावर घाम आला. पाय खाली जाईना.

"बगा," ते हसून म्हणाले. "मालक म्हणलं, देव म्हणलं, कुणी म्हणलं तरी न्हाई जात."

मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले की अंगाला वळण लावता येतं. पण हे कसलं वळण! या माणसाच्या डोक्याला ठाऊक होतं की मशीन बंद आहे. पायाला ते मान्य नव्हतं. इतकी वर्षं, एका शिफ्टमध्ये हजारो वेळा, झोप आलेली असताना, घरात आजारपण असताना, मालकाशी भांडण झालेलं असताना, त्या पायाने एकदाही धन्याचं ऐकलं नव्हतं. म्हणून बोटं राहिली होती. मंदिरात गेल्यावर सुद्धा मला असं काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू. मी चहा न पिताच परत आले.

परत आले ती मात्र आनंदात. रोग सापडला होता ना! गोल्फला हवं होतं याच्या अगदी उलट. हात समोर चेंडूजवळ असतानाच उजव्या पायावर भार यायला हवा, मग काठी हलायची. मी मॅटखाली एक जुना, चपटा झालेला टेनिसचा चेंडू सरकवला. म्हटलं, "आधी उजव्या पायाने हा दाबायचा. दाबला गेला की मगच हात मागे."

विलासराव माझ्याकडे बघायला लागले. "हात समोर असताना?"

"हो. इथे वरून काही येत नाही, विलासराव."

पहिले काही दिवस तोच प्रकार. पाय उचलला जायचा आणि हवेत थांबायचा, शर्ट घामाने भिजायचा. प्रज्ञाला वाटायचं, पप्पांना वयामुळे जमत नाहीये. मी रोज त्यांच्या शेजारी उभी राहून सांगायचे, वर बघा, आभाळ आहे, काही नाही. आणि एका संध्याकाळी पाय खाली गेला. मॅटखालचा चेंडू दबला, काठी सावकाश मागे निघाली, खांदे वळले, भार डाव्या पायावर आला, आणि एक आवाज झाला. नीट लागलेल्या फटक्याचा आवाज वेगळाच असतो, कोरडा आणि छोटा. सगळी रेंज वळून बघायला लागली. चेंडू वर गेला, आणखी वर गेला आणि शेडच्या छपरांच्या वर जाऊन तिथे टांगल्यासारखा राहिला. विलासराव काठी खांद्यावर तशीच धरून तोंड उघडं टाकून उभे. प्रज्ञा धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. मी म्हटलं ना, शेफारले होते म्हणून. त्या दिवशी तर मी घरी जाताना रस्त्यात पेढे घेतले.

त्यानंतर चेंडू बादलीमागून बादली नीट जायला लागले. गोल्फचा दिवस जवळ आला होता. प्रज्ञाने साहेबांना सांगून ठेवलं होतं की माझे वडील तुम्हाला हरवतील.

मग एके दिवशी विलासराव आले ते एकटेच. बूट घातले नाहीत, बादली घेतली नाही. बाकावर बसले. मी म्हटलं, "काय झालं? बरं नाही का?"

"ताई, आज पाय हलला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्यांच्या शेजारी बसले.

"हात आत होता," ते सांगायला लागले. "पत्रा सरळ करायलो होतो. अन् पाय पायडलवर टेकला. दाबला न्हाई. टेकला निस्ता. मी हात ओढला. कुणी बघितलं न्हाई." ते हात मांडीवर उलटे ठेवून बघत होते. "इतक्या वर्षांत पयल्यांदा, ताई."

मी म्हटलं, बास. आजपासून गोल्फ बंद. काठीला हात लावायचा नाही. पण मनात मला ठाऊक होतं की नुसतं बंद करून भागणार नाही. मी शिकवलेलं माणसाच्या अंगातून जात नाही, हाच तर माझा इतक्या वर्षांचा तोरा. आता तोच नडला होता. मी वर्कशॉपच्या मालकांना जाऊन भेटले, हात आत असताना पायडल चालणार नाही असं काहीतरी बसवा म्हणाले. "बसवणारच आहोत, मॅडम," असं ते म्हणाले, आणि पुढेही म्हणतच राहिले. विलासरावांनी पॅकिंगचं काम मागून बघितलं. दोन दिवस मिळालं, मग माणूस नाही म्हणून पुन्हा प्रेस. निवृत्तीला काही महिने राहिले होते.

"प्रज्ञाला सांगा," मी म्हटलं.

"तिला कळलं तं ती उद्याच मला कामावरून उठवंल. इतके वर्ष काढले ताई, हे शेवटचे महिने मला पुरे करायचेत. धडपणी. अन् गोल्फला बी जायचंय. न्हाई गेलो तं पोरीला वाटंल, साहेब लोकात यायला बाप लाजला."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना फोन केला. म्हटलं, "संध्याकाळी या. आपण सगळं परत बिघडवायचं."

असं काम मी जन्मात केलं नव्हतं. चांगला झालेला बॅकस्विंग मोडायचा आणि जुना दोष तंतोतंत बसवायचा! मॅटखालचा टेनिसचा चेंडू काढून फेकला. "हात ओढा, विलासराव. अजून जोरात. तवा तापलाय. आता पाय. नाही, आधी गेला. पुन्हा." चेंडू पुन्हा सरपटायला लागले. हिंजवडीचा मुलगा शेजारच्या मॅटवरून बघत होता. न राहवून म्हणाला, "मॅडम, सॉरी, पण हे चुकीचं नाहीये का?" मी म्हटलं, "तू डोंगर बघ." एखाद्या फटक्यात पाय अजून चोरून आधी जायचा आणि चेंडू नेमका तेव्हाच झकास उडायचा. आम्ही दोघं त्या सुंदर फटक्याकडे बघून घाबरायचो. मी म्हणायचे, "पुन्हा." त्यांची तक्रार नव्हती. हाताला घट्टे पडले तरी बादली संपवल्याशिवाय उठायचे नाहीत. प्रज्ञाला आम्ही सांगितलं की दिवस जवळ आलाय म्हणून एकट्याने सराव करायचाय.

दिवस उजाडला. तळेगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी ते मैदान. सकाळचं ऊन, गवतावर दव, कोरियन साहेब आणि त्यांच्या बायका पांढऱ्या टोप्या घालून आलेल्या. विलासराव नव्या टी-शर्टात, खिसा नसल्यामुळे पेन कुठे ठेवायचं ते न कळून हातात धरून उभे. साहेबांनी वाकून नमस्कार केला, विलासरावांनी "जय भीम" केलं. प्रज्ञाने दोन्हीचं भाषांतर केलं नाही, गरज नव्हती. पहिला फटका तिने मारला, छान गेला, टाळ्या पडल्या. मग ती बाजूला झाली आणि वडिलांच्या कानात म्हणाली, "पप्पा, त्या दिवशीसारखा मारा."

मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभी होते. इतकी माणसं, मुलीचे साहेब, समोर एवढं मोठं मोकळं मैदान. चांगला फटका मारावा असं कुणाला वाटणार नाही? आणि तो त्यांना येत होता. अंगात कुठेतरी अजून असणारच होता. मी चेंडूकडे बघितलंच नाही. मी त्यांच्या उजव्या बुटाकडे बघत होते. बूट स्थिर होता. काठी चेंडूमागे टेकली. बूट स्थिर होता. झटका! हात मागे गेले, काठी खांद्याच्या वर पोचली, आणि मग, मगच, पाय. धप्प!

चेंडू टाळूवर मार खाऊन घरंगळला आणि दहा पावलांवर गवतात जाऊन बसला. कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. साहेब सभ्यपणे चेंडूकडे बघत राहिले. प्रज्ञाचा चेहरा लालेलाल झाला. विलासरावांनी मान वर करून सगळ्या गर्दीत मला शोधलं.

आणि मी टाळ्या वाजवायला लागले. एकटीच. हात दुखेपर्यंत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. सगळे माझ्याकडे बघत होते, कोचबाईंना ऊन लागलं की काय!

प्रज्ञा तणतणत दोरीपाशी आली. "ताई, अहो चेंडू तिथंच पडलाय! टाळ्या कसल्या वाजवताय?"

"वाजवू दे गं," मी म्हटलं. "तुझ्या बाबांचा पाय बरोबर वेळेवर पडला."